दहा गाणी, आठ आठवडे आणि बॅरीटोनची ओळ

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

'ताई, मी मूळचा मिरजेचा, आता नॉर्थ कॅरोलायनात असतो. शाळेत असताना गाणं शिकलो, मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग इंजिनीअरिंगच्या नादात सगळं सुटलं. तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मित्रानं इथल्या बार्बरशॉप कोरसमध्ये ओढून नेलं, तेव्हापासून तिथे बॅरीटोन गातो. आता हार्मनी ब्रिगेडच्या एका मेळाव्याचं आमंत्रण आलंय. दहा गाणी, सगळी अवघड, सगळी तोंडपाठ करून जायचं आणि अनोळखी तिघांबरोबर उभं राहून गायचं. हातात आठ आठवडे आहेत. रोज गाडीत ट्रॅक लावून गातो. ट्रॅकबरोबर सगळं येतं, तो बंद केला की लीडच्या चालीवर घसरतो. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) अडखळत वाचतो. तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून सूर पक्के करायला गेलो तर गोंधळ वाढलाच. मुलगी विचारते, "बाबा, ह्याला गाणं म्हणतात?" शिवाय त्या हॉटेलात माझ्यासारखा दिसणारा बहुधा मी एकटाच असेन. माझ्यामुळे बाकी तिघांचा विचका होण्यापेक्षा नाव मागे घ्यावं का? – बॅरीटोनवाला'

नमस्कार बॅरीटोनवाले,

नाव मागे घेऊ नका. आठ आठवडे पुरतात. मात्र ज्या पद्धतीनं तुम्ही पाठांतर चालवलंय तसंच चालू ठेवलंत तर सोळा आठवडेही पुरणार नाहीत. तेव्हा जे काही बदलायचं ते आजपासून बदलू या.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. बार्बरशॉप म्हणजे चार आवाजांचं, वाद्याशिवायचं गाणं. चाल लीडकडे, तिच्या वर हलका टेनर, खाली बास, आणि कॉर्ड (एकाच वेळी मिळून उमटणारा स्वरांचा गुच्छ) पूर्ण व्हायला जो स्वर उरला असेल तो बॅरीटोनच्या पदरात. बहुतेक वेळ चारही जण एकाच वेळी एकच शब्द उच्चारतात, त्यामुळे कुणाचं काही लपत नाही. ब्रिगेड हा या मंडळींचा जरा वेडा खेळ आहे, आणि तो सुरू झाला तुमच्याच राज्यात, नॉर्थ कॅरोलायनात. नोटेशन आणि ट्रॅक आधी घरपोच मिळतात, प्रत्येकानं आपापला भाग पाठ करायचा, आणि शनिवार-रविवार गाठून एखाद्या हॉटेलात जमायचं. मग जो भेटेल त्याच्याबरोबर चौकडी करायची आणि गायचं, पहाटेपर्यंत.

आता तुमच्या मुलीचं म्हणणं. ती बरोबर बोलतेय. मीही बायकांच्या कोरसमध्ये बॅरीटोनच गाते, तेव्हा हे अधिकारानं सांगते: आपली ओळ एकटी ऐकली तर ते गाणं नसतंच. तीन शब्द एकाच स्वरावर, मग विनाकारण एक उडी, मग अर्ध्या अर्ध्या स्वरानं खाली घरंगळणं. लीडला चाल असते, बासला पायऱ्या असतात, टेनरची ओळसुद्धा बऱ्यापैकी गुणगुणता येते. आपली ओळ चाल म्हणून लक्षात ठेवायला गेलात की ती निसटते आणि कान शेजारच्या खऱ्या चालीला जाऊन चिकटतो. तुम्ही 'घसरता' ते यामुळे. त्यात कानाचा काही दोष नाही, उलट कान चांगला असल्याचीच ती खूण आहे. बॅरीटोनची ओळ लक्षात राहते ती बाकी तिघांच्या संदर्भात: बास अमुक ठिकाणी उभा आहे, लीड तमुक ठिकाणी, म्हणून मी इथे. तयारीची सगळी पद्धत या एका गोष्टीभोवती बांधायची.

आधी ट्रॅक. बहुतेक लर्निंग ट्रॅकमध्ये एका कानात तुमची ओळ असते आणि दुसऱ्या कानात बाकीचे तिघे. गाडीत गाताना तुम्ही दोन्ही बाजू लावून ठेवत असणार. ट्रॅकवरचा बॅरीटोन क्षणभर आधी गातो, तुम्ही क्षणभर मागून पकडता, आणि सगळं 'येतंय' असं वाटतं. हे पाठलाग करणं झालं. पहिले तीन-चार दिवस गाऊच नका. कागद समोर ठेवा, फक्त तुमची बाजू ऐका आणि बोट फिरवत राहा. मग दोन्ही बाजू लावून गा. जरा जमतंय असं वाटलं, म्हणजे पूर्ण जमायच्या आधीच, तुमची बाजू बंद करा. गाडीत आवाज डावी-उजवीकडे सरकवायची सोय असते ना, तीच वापरायची. आता तिघं गातायत आणि चौथी जागा रिकामी आहे. पहिल्या दिवशी पार वाट लागेल. लागू द्या, खरं शिक्षण त्याच दिवशी सुरू होतं. फोनवर रेकॉर्ड करा आणि कुठे सुटलं तिथे कागदावर पेन्सिलीनं फुली मारा. पुढच्या दिवशी सराव फक्त फुल्यांचा.

त्यानंतरची परीक्षा ट्रॅकशिवायची. पत्रात पत्नीचा उल्लेख नाही, पण मुलगी आहे आणि तिला गाडीत ही गाणी ऐकून ऐकून चाली पाठ झाल्या असणार. तिला लीडची चाल मोठ्यानं म्हणायला लावा आणि तुम्ही आपली ओळ धरा. तिनं मध्येच मुद्दाम थांबायचं किंवा लय बदलायची. तरीही तुम्ही उभे राहिलात की ते गाणं तुमचं झालं. (तिच्या प्रश्नाचं उत्तरही तिला आपोआप मिळेल.)

तानपुऱ्यामुळे गोंधळ का होतो ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गंमत इथेच आहे. आपल्याकडे षड्ज अचल. मैफल सुरू झाली की संपेपर्यंत सा हलत नाही आणि प्रत्येक स्वराची जागा त्या एका सा वरून ठरते. बार्बरशॉपमध्ये एकेका कॉर्डचा मूळ स्वर त्या कॉर्डपुरता सा होऊन बसतो, आणि कॉर्ड तर शब्दागणिक बदलते.

एक उदाहरण हातात धरून बघा. मूळ स्वर सा, मग ध, मग रे, मग प, आणि परत सा, ही या गाण्याची अगदी लाडकी वाट आहे. तुमच्या दहापैकी निम्म्या गाण्यांत तरी ती कुठेतरी असेलच. त्या वाटेवर बॅरीटोनला पुष्कळदा मिळतं ते असं: प, पुन्हा तोच प, मग तीव्र म, मग शुद्ध म, मग ग. कागदावर किती सोपं! पण या पाच जागांवर तुम्ही कोण आहात ते बघा. पहिला प हा सा च्या कॉर्डमधला पंचम आहे. दुसरा प, स्वर तोच असला तरी, आता ध च्या कॉर्डमधला कोमल निषाद झाला. तीव्र म हा रे चा गंधार, शुद्ध म हा प चा कोमल निषाद, आणि शेवटचा ग हा घरी परत आल्यावरचा गंधार. निषाद, गंधार, निषाद, गंधार. म्हणजे कॉर्डची चव ज्या स्वरांत असते नेमके तेच आळीपाळीनं तुमच्या गळ्यात.

आणि यातला कुठलाच स्वर पियानोवरचा नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो पियानोच्या किंवा पेटीच्या गंधारापेक्षा 14 सेंट खाली असतो. पेटीच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या (काळ्या पट्ट्याही धरून) अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. बार्बरशॉपला हाच गंधार हवा असतो. याचा कोमल निषाद तर पियानोपेक्षा 31 सेंट खाली, कारण तो तारेच्या सातव्या स्वयंभू स्वराचा भाऊ आहे. चार, पाच, सहा, सात या प्रमाणात चार आवाजांची कंपनं जुळली की वर कुठेतरी पाचवा आवाज घुमल्यासारखा वाटतो. इथली मंडळी त्याला रिंग म्हणतात आणि त्याच्यासाठी जीव टाकतात. मिरजेत वाढलेल्या, तंबोरे जिथे घडतात तिथल्या माणसाला स्वयंभू गंधार मी काय समजावणार? कोरसमधल्या कितीतरी जणांना तो ऐकायला शिकवावा लागतो. तुमच्याकडे तो घरचा आहे.

तेव्हा अ‍ॅप फेकू नका, पण सबंध गाण्याखाली एकच सा लावून ठेवू नका. फुली मारलेल्या कॉर्डपाशी थांबा, तिचा मूळ स्वर शोधा आणि अ‍ॅपची पट्टी तिथे न्या. वरच्या उदाहरणात पट्टी ध वर आणली की तुमचा दुसरा प हा त्याच्या कोमल निषादाच्या जागी बसवायचा. लगेच कळेल, तो पहिल्या प पेक्षा किंचित खाली बसतो. हा 'किंचित' गळ्याला दोन-तीनदा दाखवला की पुढे तो शोधावा लागत नाही. कागदावर लाल पेन्सिलीनं त्या जागी सरळ 'नि' किंवा 'ग' लिहून ठेवा. अर्थ असा की या कॉर्डमध्ये मी कोण. अडखळत नोटेशन वाचणाऱ्याला याचा फायदा काळ्या ठिपक्यांपेक्षा जास्त होतो. जिथे गाणं अख्खं वरच्या पट्टीत चढतं (आणि अशा गाण्यांत ते शेवटच्या पानावर हमखास चढतं) तिथे ठळक रेघ मारून नवा सा लिहा.

आता वेळेचा हिशोब. दहाही गाणी एकदम उघडू नका आणि एकेक संपवत दहाव्यापर्यंतही जाऊ नका; दहावं येईल तेव्हा पहिलं विसरलेलं असेल. दोन-दोन गाणी घ्या, सर्वांत अवघड जोडी आधी. नवी जोडी घेतली की जुनी आठवड्यातून दोनदा, ट्रॅकशिवाय, भांडी घासताना वगैरे म्हणून काढायची. सहाव्या आठवड्यानंतर नवीन काही घ्यायचं नाही. आणि प्रत्येक गाणं शेवटाकडून शिका. टॅग, म्हणजे शेवटच्या काही ओळी, सर्वांत अवघड असतात. तिथे कुणीतरी एक स्वर लांब धरून उभा राहतो आणि बाकीचे त्याच्याभोवती कॉर्ड बदलत फिरतात. आपण सगळे पहिलं पान घोटतो आणि शेवटाला पोचेपर्यंत दम, वेळ आणि उत्साह तिन्ही संपलेले असतात. टॅग आधी पक्का असला की गाणं पुढे पुढे सोपं होत जातं. शिवाय मेळाव्यात नुसते टॅग गात तासन् तास उभी असलेली टोळकी प्रत्येक जिन्यात भेटतील. त्यांत शिरायला एवढी शिदोरी पुरते.

गळ्याच्या सवयींबद्दल थोडं. आपण स्वरावर खालून येतो, किंचित आस घेत. ख्यालात ते शोभतं. इथे चौघं एकाच क्षणी स्वरावर उतरणार असतात, तुम्ही खालून आलात तर तेवढा वेळ कॉर्ड मळकट. स्वर लावायच्या आधी मनात ऐका आणि थेट त्यावर उतरा. लागल्यावर हलवू नका, कंपन शक्य तितकं कमी. उच्चारांत मराठी माणसाला एक फायदा आहे आणि एक तोटा. आपले स्वर स्वच्छ असतात. 'डे' मधला ए आपण सरळ धरून ठेवू शकतो, अमेरिकन गळा तो लगेच ई कडे वळवतो. गाताना धरून ठेवणंच योग्य, फक्त शेवटचं वळण बाकी तिघांबरोबर एकदम घ्यायचं. तोटा 'व' चा. इंग्रजीतले दोन व आपण एकच करून टाकतो. एकात ओठ गोल होतात, दुसऱ्यात दात खालच्या ओठाला टेकतात. एकट्यानं बोलताना चालून जातं, चौघांत ओठ वेगळे दिसतात आणि ऐकूही येतात. आरशासमोर पाच मिनिटांचं काम आहे.

आता प्रत्यक्ष मेळावा, आणि तुमची विचका होण्याची भीती. विचका होणारच आहे, फक्त तो तुमच्याकडून होईल असं नाही. अनोळखी चार माणसं, रात्रीचे साडेअकरा, शेजारी दुसरी चौकडी वेगळ्याच पट्टीत ओरडतेय, अशा वेळी सगळ्यांचंच काही ना काही सुटतं. सुटलं तर अंदाजानं स्वर लावत बसू नका. गप्प व्हा, बास ऐका, पुढच्या ओळीला आत या. तीन शुद्ध आवाज केव्हाही चालतात, तीन शुद्ध आणि एक चाचपडणारा चालत नाही. लय लीडची असते, त्याच्या श्वासाकडे बघा, पायाकडे नको. तुमची ओळ लीडच्या वर जाते तिथे आवाज हलका करा, खाली येते तिथे भरा. बॅरीटोनवाला वर गेल्यावर जोर लावतो आणि चाल झाकून टाकतो, ही आपल्या जातीबद्दलची जुनी तक्रार आहे आणि खरी आहे. दुसऱ्याचा स्वर चुकला तर विचारल्याशिवाय दुरुस्त करायचा नाही. आपल्याकडे गुरुजी बसतात तसं इथे कुणी बसत नाही, आणि कुणाला बसलेलं आवडतही नाही.

पहिल्याच संध्याकाळी पूर्ण आवाज लावू नका. हॉटेलच्या एसीची कोरडी हवा, गप्पांचा कलकलाट आणि वर बिअर, यांत रविवारी सकाळी कितीतरी गळे बसलेले असतात. पाणी जवळ ठेवा, गर्दीत ओरडून बोलणं टाळा.

'माझ्यासारखा दिसणारा मी एकटाच' हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत, पण ते वाक्य हलकं नाही. 11 एप्रिल 1938 ला ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात, टल्सा क्लबच्या गच्चीवर, ओ. सी. कॅश आणि रुपर्ट हॉल यांनी गाणारी मंडळी जमवली. त्यातून जी संस्था उभी राहिली तिला आज बार्बरशॉप हार्मनी सोसायटी म्हणतात. हा गोऱ्या न्हाव्याच्या दुकानातला करमणुकीचा प्रकार, असं चित्र तिनं बरीच वर्षं रंगवलं. खरं तर या गाण्याची मुळं आफ्रिकन-अमेरिकन वस्त्यांत आहेत. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर पोरवयातला लुई आर्मस्ट्राँग अशाच चौकडीत गायचा. तरीही कृष्णवर्णीयांना या संस्थेचे दरवाजे 1963 पर्यंत बंद होते, आणि बायकांना पूर्ण सभासदत्व मिळायला 2018 उजाडलं. तेव्हा तिथे आपण पाहुणे आहोत असं मानून अंग चोरून उभं राहायचं काहीच कारण नाही. कुणी तुमच्या नावाचा उच्चार तीनदा चुकवेल, एखादा बॉलिवूडचं गाणं म्हणायला सांगेल. पण पिच पाइप (सुरुवातीचा स्वर देणारी छोटी शिट्टी) वाजला की पुढची तीन मिनिटं सगळ्यांना काळजी एवढीच असते, बॅरीटोनचा निषाद येतोय की नाही.

शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाहीत पण सातव्या आठवड्यात विचारणार आहात: दहापैकी दोन गाणी राहिलीच तर? आयोजकांनी दहा सांगितली आहेत म्हणजे दहा करायचीच, आळस म्हणून सोडायची नाहीत. पण राहिली तर अर्धीकच्ची घेऊन उभं राहू नका. कुणी ते गाणं काढलं की सरळ सांगा, हे मला येत नाही, दुसरं घेऊ. कुणी वाईट मानत नाही. दुसरा बॅरीटोन तिथेच कुठेतरी कॉफी पीत उभा असेल, त्याला हाक मारा आणि तुम्ही बाजूला उभं राहून त्याची ओळ नीट ऐका.